प्रबंधात रोमन ‘ळ’ कसा लिहावा: टिंबाचा एल, टायपिंगपासून छापखान्यापर्यंत

कळमना, कळमेश्वर, यवतमाळ, मेळघाट. इंग्रजी पाटीवर या सगळ्या नावांतल्या ळचा साधा एल होतो आणि कोणाचं काही अडत नाही. अडतं ते प्रबंधात, ग्रंथसूचीत, बोलीच्या नोंदीत. तिथे ‘काळा’ आणि ‘काला’, ‘गोळा’ आणि ‘गोला’ रोमनमध्येही वेगळे दिसायलाच हवेत. वऱ्हाडीवर काम करणाऱ्याला तर ‘डोळा’ आणि ‘डोया’ शेजारी शेजारी मांडावे लागतात. त्यासाठी लागतं ते एलखाली टिंब असलेलं अक्षर. ते इंग्रजी कीबोर्डवर नाही, फोनवर सहजी सापडत नाही आणि बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये ते पहिल्या प्रकरणात एक, चौथ्यात दुसरं असतं.

नागपुरात पाली, संस्कृत, मराठी आणि लोकसाहित्य या चारही विषयांत रोमन लिप्यंतर लागतं. त्या अभ्यासकांच्या फाइली वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. चूक टायपिंगची कमी आणि क्रमाची जास्त असते. लोक आधी फॉन्ट शोधतात, मग कुठून तरी अक्षर आणून चिकटवतात, आणि कोणती पद्धत वापरली हा प्रश्न मार्गदर्शकांनी विचारला की मग शोधाशोध सुरू होते. क्रम उलटा हवा. आधी पद्धत, मग अक्षराचा क्रमांक, मग टाइप करायची सोय, आणि फॉन्ट त्यानंतर.

पुढे काही अक्षरांना कामापुरती टोपणनावं दिली आहेत. टिंबाचा एल म्हणजे खाली टिंब असलेला. रेघेचा एल म्हणजे खाली आडवी रेघ असलेला. कड्याचा एल म्हणजे खाली बारीक गोल कडं असलेला.

## टप्पा १: पद्धत ठरवा, आणि कागदावर ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

टिंबाचा एल सगळीकडे ळच असतो असं नाही. २००१ साली आलेल्या आयएसओ १५९१९ या मानकात टिंबाचा एल म्हणजे ळ, आणि ऌ या स्वरासाठी कड्याचा एल. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा मराठीसाठीचा तक्ताही ळला टिंबाचाच एल देतो. पण संस्कृतवाले पिढ्यानपिढ्या जी आयएएसटी पद्धत वापरतात, तिच्यात टिंबाचा एल म्हणजे ऌ हा स्वर, आणि ळ लिहायची वेळ आली तर बहुधा रेघेचा एल. म्हणजे रामटेकच्या संस्कृत विद्यापीठातला प्रबंध आणि नागपुरातला मराठीचा प्रबंध शेजारी ठेवले, तर तेच अक्षर दोन ठिकाणी दोन उच्चारांचं असू शकतं. दोन्ही बरोबर. चूक होते ती एकाच प्रबंधात दोन्ही आले की.

‘ऌ कोण वापरतं?’ असं म्हणून हा मुद्दा सोडू नका. संस्कृतात तो कॢप् या एका धातूपुरताच उरला आहे हे खरं, पण त्याच धातूतून आलेला ‘क्लृप्ती’ हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो. एका परिच्छेदात ‘काळ’ आणि ‘क्लृप्ती’ दोन्ही आले, आणि दोन्हीकडे टिंबाचाच एल पडला, की वाचणारा परीक्षक पेन्सिल उचलतो. शुद्ध संस्कृतातही सुटका नाही. ऋग्वेदाची पहिलीच ऋचा ‘अग्निमीळे’ अशी सुरू होते. तिथे ळ आहे, ऌ नाही.

पालीचं काम तुलनेनं सोपं. पालीत ऌ नाहीच, त्यामुळे टिंबाचा एल म्हणजे ळ हे निर्विवाद. बुद्धांच्या सुरुवातीच्या गुरूंचं नाव आळार कालाम. पहिल्या शब्दात ळ, दुसऱ्यात ल. हे एक नाव नीट लिहिता आलं की अर्धी लढाई जिंकली. पालीत घोळ होतो तो अनुस्वाराचा. काही ग्रंथांत एमखाली टिंब, काहींत एमवर टिंब, आणि पाली टेक्स्ट सोसायटीच्या जुन्या शब्दकोशात तर शेपटीवाला एन. उतारा जिथून घेतला तिथलं चिन्ह तसंच उचललं, की एका पानावर तीन पद्धती जमा होतात.

ळ ठरवताना ऋकडेही बघा. आयएसओमध्ये ऋसाठी कड्याचा आर आहे, आणि टिंबाचा आर हिंदीतल्या खाली नुक्ता असलेल्या ड़साठी राखून ठेवला आहे. आयएएसटीत टिंबाचा आर म्हणजे ऋ. लोक ळ एका पद्धतीतून घेतात आणि ऋ दुसरीतून, कारण ‘कृष्ण’ लिहिताना टिंबाचा आर डोळ्यांच्या सवयीचा झालेला असतो.

आणखी एक सापळा दक्षिणेकडचा. ‘तमिळ’ आपण ळने लिहितो, पण तमिळ लिपीत त्या शब्दाच्या शेवटी वेगळंच व्यंजन आहे, आणि आयएसओ त्याला रेघेचा एल देतं. मराठी वाक्यातला शब्द म्हणून लिप्यंतर करत असाल तर टिंबाचा एल. तमिळ ग्रंथाचं मूळ शीर्षक उतरवत असाल तर रेघेचा.

माझं मत विचाराल तर: मराठी आणि बोलींच्या कामाला आयएसओ १५९१९ घ्या, निव्वळ संस्कृतच्या कामाला आयएएसटी घ्या, आणि पालीला तुमच्या मुख्य संपादित आवृत्तीची पद्धत घ्या. मार्गदर्शकांचा आग्रह वेगळा असेल तर वाद घालू नका. फक्त तो आग्रह तक्त्यात लिहून घ्या.

तक्ता अर्ध्या पानाचा पुरतो. डावीकडे देवनागरी वर्ण, उजवीकडे रोमन चिन्ह, खाली पद्धतीचं नाव. हाच तक्ता पुढे प्रबंधाच्या सुरुवातीला ‘लिप्यंतराची टीप’ म्हणून जातो.

तपासणी: काळ, क्लृप्ती, कृष्ण, तमिळ आणि आळार कालाम हे पाच शब्द तक्त्यावरून हाताने कागदावर लिहा. दोन वेगळ्या वर्णांना एकच चिन्ह पडलं, तर पद्धती मिसळल्या आहेत. पुढे जाऊ नका.

## टप्पा २: कुठे वापरायचं नाही, तेही ठरवा

अक्षर हाती लागलं की हौस येते. मग स्वतःच्या आडनावातल्या ळलाही टिंब लागतं. ते करू नका. प्रवेशअर्ज, पासपोर्ट, बँक, गुणपत्रिका या सगळ्यांत इंग्रजी वर्णमालेची सव्वीस अक्षरंच चालतात आणि नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळावं लागतं. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नोंदणीप्रमाणेच.

फाइलच्या नावात, ईमेल पत्त्यात, वेबपत्त्यात टिंबाचा एल नको. फाइलच्या नावात तो असला की पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर जाताना, झिप करताना किंवा अपलोड करताना कधी ना कधी तक्रार येते.

इंग्रजी वाक्यात पत्ता म्हणून आलेलं यवतमाळ नेहमीच्या स्पेलिंगनेच लिहा. तेच नाव गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगताना उदाहरण म्हणून आलं, तर पूर्ण लिप्यंतर, तिरप्या अक्षरात. हा फरकही तक्त्याखाली एका ओळीत नोंदवा.

आणि एक बारीक गोष्ट, जी कार्यक्रमाचं निमंत्रण रोमनमध्ये पाठवताना खिशाला लागते. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यात एक जरी टिंबाचा एल आला, तर सगळा संदेश युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकी अक्षरपद्धतीत, जातो आणि मर्यादा ७० वर येते. एकाचे दोन-तीन संदेश होतात आणि बिलही त्याप्रमाणे.

## टप्पा ३: अक्षर नाही, अक्षराचा क्रमांक ओळखा

पडद्यावर सारखी दिसणारी अक्षरं संगणकासाठी सारखी नसतात. युनिकोडमध्ये लहान टिंबाच्या एलचा क्रमांक १ई३७, मोठ्याचा १ई३६. इथला ‘ई’ म्हणजे इंग्रजीतलं पाचवं अक्षर. टाइप करताना आकडे इंग्रजीच हवेत; कीबोर्ड मराठीवर असताना देवनागरी आकडे पडले तर काहीही होणार नाही. रेघेचा लहान एल १ई३बी. कड्याच्या एलला स्वतःचा एकसंध क्रमांक नाही. तो साधा एल आणि त्यामागे ०३२५ हे जोडचिन्ह असा बनतो.

आता तोतये. यांनी आजवर बऱ्याच सूची बिघडवल्या आहेत.

- लाटव्हियन भाषेतला एल, क्रमांक ०१३सी. खाली स्वल्पविरामासारखी खूण असते. लहान आकारात टिंबच वाटतं, आणि चिन्हांच्या यादीत आधी दिसतं म्हणून लोक हाच उचलतात.
- ध्वनिलिपीतला शेपटीचा एल, क्रमांक ०२६डी. उच्चार ळचाच, पण तो आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा आहे, लिप्यंतराचा नाही. बोलीच्या प्रबंधात दोन्ही लागू शकतात: ध्वनिलेखन चौकोनी कंसात शेपटीच्या एलने, लिप्यंतर तिरप्या अक्षरात टिंबाच्या एलने.
- खाली टिंब असलेला व्हिएतनामी आय. याला वरही टिंब असतं, तरी स्कॅन केलेल्या पुस्तकातून अक्षरं ओळखून घेणारं सॉफ्टवेअर कधी कधी हा घुसवतं.
- साधा एल अधोरेखित करून केलेला ‘रेघेचा एल’. हे अक्षर नाहीच, नुसती सजावट आहे. मजकूर दुसरीकडे चिकटवला की रेघ गळून पडते.

तपासणी: वर्डमध्ये अक्षराच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवा आणि ऑल्ट दाबून एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक दिसेल. १ई३७ आलं तर ठीक. ०१३सी आलं तर तोतया. ०३२३ आलं तर टप्पा ६ वाचा. बघून झालं की कंट्रोल-झेड दाबा, अक्षर परत येतं.

## टप्पा ४: टाइप करायची एकच सोय बसवा

एका प्रबंधासाठी एकच मार्ग. आज चिकटवा-चिकटवी, उद्या चिन्हांची यादी, परवा मैत्रिणीच्या फाइलमधून नक्कल, असं केलं की तोतये आत शिरतात.

### वर्डमध्ये क्रमांक टाकून

सर्वांत प्रसिद्ध उपाय हा: १ई३७ टाइप करा, ऑल्ट-एक्स दाबा, अक्षर हजर. लिब्रेऑफिसमध्येही हेच चालतं. पण घोडं पेंड खातं ते इथेच.

‘काळ’ लिहून बघा. के, मग वर आडवी रेघ असलेला ए, मग १ई३७, ऑल्ट-एक्स. बरोबर येईल. ‘गूळ’ही येईल. आता ‘फळ’ लिहा: पी, एच, ए, १ई३७, ऑल्ट-एक्स. टिंबाच्या एलऐवजी रिकामी चौकट येईल, वर आधीचा एही गायब. ‘पिवळी’, ‘नळ’ यांचंही तेच, आणि ए हा स्वर वर रेघ न देता लिहीत असाल तर ‘केळ’, ‘मेळघाट’ यांचंही. लोकांना वाटतं वर्ड बिघडलं. तसं नाही. क्रमांक सोळाच्या मोजणीत लिहिलेला असतो, आणि त्या मोजणीत ए ते एफ ही अक्षरंही आकडेच असतात. ‘फळ’मध्ये १ई३७च्या आधी साधा ए उभा असल्यामुळे वर्ड ‘ए१ई३७’ असा पाच अंकी क्रमांक वाचतं आणि त्या क्रमांकाचं अक्षर शोधायला जातं. ‘काळ’मधला रेघवाला ए त्या मोजणीत बसत नाही, म्हणून तिथे सुरळीत पार पडतं. मराठीत ळच्या आधी अ किंवा ए येणं ही रोजचीच गोष्ट, त्यामुळे हा घोळ पुन्हा पुन्हा होतो.

उपाय सोपा आहे. क्रमांक टाइप केल्यावर फक्त ती चार चिन्हं निवडा, मग ऑल्ट-एक्स.

### वर्डमध्ये कायमची कळ

शेकडो शब्द लिहायचे असतील तर हेच करा. इन्सर्ट मेनूत सिम्बॉल, त्यात मोअर सिम्बॉल्स. फॉन्टच्या जागी ‘नॉर्मल टेक्स्ट’ ठेवा, खालच्या कॅरेक्टर कोडच्या चौकटीत १ई३७ टाका, शेजारी ‘फ्रॉम’मध्ये युनिकोड हेक्स असल्याची खात्री करा. अक्षर निवडलं गेलं की शॉर्टकट कीवर टिचकी मारा आणि हवी ती जोडकळ दाबा. ती आधी कशाला दिलेली असेल तर तिथेच लिहून येतं. मोकळी असेल तीच घ्या. मोठ्या अक्षरासाठी वेगळी कळ लागते. मराठी शब्द ळने सुरू होत नाहीत, पण सगळी अक्षरं मोठी असलेल्या शीर्षकात मोठा टिंबाचा एल लागतोच.

सावधान: ऑटोकरेक्टमध्ये ‘दोन एल म्हणजे टिंबाचा एल’ असं काही बसवू नका. ऑटोकरेक्ट शब्द पूर्ण झाल्यावर, म्हणजे जागा किंवा विरामचिन्ह आल्यावर जागं होतं. शब्दाच्या पोटातलं अक्षर ते बदलत नाही. पूर्ण शब्दांसाठी मात्र ते उत्तम. आळार कालाम दर पानावर येत असेल तर त्याला एक छोटं रूप द्या आणि मोकळे व्हा.

सोय तुमच्याच संगणकात राहते हेही लक्षात असू द्या. सीताबर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून शेवटच्या दुरुस्त्या करणार असाल, तर तिथे ही कळ नसेल. अक्षर, त्याचा क्रमांक आणि पाच-सहा नमुना शब्द असलेली एक छोटी फाइल सोबत ठेवा आणि तिथे तिच्यातूनच नक्कल करा.

### इतर ठिकाणी

गुगल डॉक्समध्ये इन्सर्टखाली स्पेशल कॅरेक्टर्स आहे. तिथल्या शोधचौकटीत १ई३७ टाकलं की अक्षर समोर येतं.

मॅकवर कीबोर्डच्या यादीतून ‘एबीसी एक्स्टेंडेड’ जोडा. ऑप्शन-एक्स दाबून सोडा, मग एल. टिंब खाली बसतं. ऑप्शन-ए आणि मग स्वर, तर वर दीर्घाची रेघ. लिप्यंतरासाठी यापेक्षा सुटसुटीत काही पाहिलेलं नाही. विंडोजवर अशीच सोय हवी तर कीमॅन हा मोफत कार्यक्रम बघा. त्यात लिप्यंतरासाठीचे कीबोर्ड मिळतात.

लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-यू, मग १ई३७, मग एंटर.

फोनवर प्रबंध लिहू नका. पण मुलाखतीच्या नोंदी घ्याव्याच लागतात. त्यासाठी आयफोनच्या टेक्स्ट रिप्लेसमेंटमध्ये किंवा जीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात टिंबाचा एल एकदा चिकटवून त्याला एक छोटं रूप द्या.

लेटेक्सवाल्यांनी झीलेटेक्स किंवा लुआलेटेक्स घ्यावं आणि अक्षर थेट टाइप करावं. बॅकस्लॅश-डी आणि महिरपी कंसात एल, ही जुनी आज्ञा छापील पानावर देखणी दिसते, पण पीडीएफमधून नक्कल केली की टिंब एलपासून सुटं होऊ शकतं.

## टप्पा ५: आता फॉन्ट

टाइम्स न्यू रोमन, एरियल, कॅलिब्री, कॅम्ब्रिया यांच्या सध्याच्या आवृत्त्यांत टिंबाचा एल आहे. मोफत हवा असेल तर नोटो किंवा जेंटियम घ्या. जेंटियममधली खालची टिंबं फार सुबक बसतात. हौसेचे, सजावटीचे फॉन्ट टाळा.

फॉन्टमध्ये अक्षर नसलं की संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो. चौकट दिसत नाही, म्हणून लक्षात येत नाही. शब्दातलं तेवढंच अक्षर किंचित जाड किंवा उंच दिसतं.

जुने खास फॉन्ट मात्र सरळ नाकारा. युनिकोड रुळण्याआधी लिप्यंतरासाठी वेगळे फॉन्ट निघाले होते. त्यांत दुसऱ्याच एखाद्या चिन्हाच्या जागी टिंबाचा एल काढून बसवलेला असे. फॉन्ट बदलला की मूळ चिन्ह उघडं पडतं. मार्गदर्शकांनी आपल्या जुन्या लेखाची फाइल दिली आणि तिच्यात हा प्रकार असला, तर फॉन्ट मागू नका. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने उतरवा.

तपासणी: नमुन्याची एक ओळ सरळ, तिरप्या, ठळक अशा तिन्ही रूपांत आणि तळटीपेच्या आकारात छापून बघा. पडद्यावर नाही, कागदावर. ग्रंथनामं अधोरेखित करायची सवय असेल तर सोडा. रेघ टिंबावरून जाते आणि ळ परत ल होतो. तिरपी अक्षरं वापरा.

लिप्यंतरित शब्दांखाली येणाऱ्या लाल नागमोडी रेघांचाही बंदोबस्त इथेच करून टाका. त्या शब्दांसाठी एक कॅरेक्टर स्टाइल बनवा, तिच्यात तिरपी अक्षरं ठेवा आणि भाषेच्या खिडकीत ‘स्पेलिंग तपासू नका’ हा पर्याय निवडा. नाही तर रात्री दोन वाजता ‘सगळं दुरुस्त करा’वर बोट पडतं.

## टप्पा ६: दिसायला एक, आतून दोन

हा टप्पा सर्रास गाळला जातो, आणि परिणाम शेवटच्या आठवड्यात दिसतो. ‘यवतमाळ’ शोधलं तर काही जागा सापडतात, काही नाहीत. शब्दसूचीत एकच शब्द दोनदा येतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे.

कारण असं. टिंबाचा एल दोन प्रकारे साठवता येतो. एक म्हणजे १ई३७ हे एकसंध अक्षर. दुसरा म्हणजे साधा एल आणि त्यामागे ०३२३ हे ‘खालचं टिंब’ नावाचं जोडचिन्ह. युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान मानायचे आहेत, पण प्रत्येक प्रोग्राम ते मानतोच असं नाही. पीडीएफमधून घेतलेले उतारे आणि काही कीबोर्ड दुसरा प्रकार आणून टाकतात.

दुरुस्ती वर्डमध्ये अशी करा:

1. फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. हे आधी.
2. रिप्लेसची खिडकी उघडा. ‘फाइंड’मध्ये साधा एल, लगेच टोपीचं चिन्ह, म्हणजे सहाच्या कळीवर शिफ्ट दाबून येतं ते, मग लहान यू, मग ८०३. मध्ये कुठेही जागा नको. ८०३ म्हणजे ०३२३चंच दशमान रूप.
3. ‘रिप्लेस’मध्ये एकसंध टिंबाचा एल चिकटवा. इथे टोपीचा क्रमांक चालत नाही, प्रत्यक्ष अक्षरच हवं.
4. लहान-मोठं जुळवण्याचा पर्याय चालू करा आणि मोठ्या एलसाठी वेगळी फेरी घ्या.
5. तळटीपा, तक्ते आणि मजकूरचौकटी उघडून स्वतंत्र बघा.

आयएसओ घेतलं असेल तर कड्याच्या एलला हात लावू नका. तो दोन तुकड्यांचाच असतो, एकसंध रूप शोधत बसू नका. ‘सगळी जोडचिन्हं काढून टाका’ असा सरसकट उपाय कोणी सुचवला, तर ऋ आणि ऌ दोन्ही गेलेच म्हणून समजा.

प्रोग्रामिंग येत असेल किंवा येणारं कोणी ओळखीचं असेल, तर या कामाला एनएफसी असं नाव आहे. पायथनसारख्या भाषेत ते एका ओळीत होतं आणि फक्त एलच नाही, दीर्घाच्या रेघा, टी-डीखालची टिंबं सगळीच एकदम एकसंध होतात.

तपासणी: नमुन्यातल्या एका शब्दाचा शोध घ्या आणि आकडा टिपा. तोच शोध फाइंडच्या चौकटीत दुसऱ्या प्रकरणातून नक्कल केलेला शब्द चिकटवून घ्या. आकडा वेगळा आला तर दुरुस्ती अर्धवट आहे.

## टप्पा ७: एक्सेल आणि सूची

ग्रंथसूची किंवा शब्दसंग्रह एक्सेलमध्ये ठेवला असेल तर इथे जपून. एक्सेलची स्वतःची फाइल सुरक्षित असते. धोका सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, आहे. सेव्ह करताना यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय असतो, तोच घ्या. यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड अक्षरं फाइलीत साठवायची रीत. नुसत्या ‘सीएसव्ही’त टिंबाच्या एलचं प्रश्नचिन्ह होतं, आणि एकदा झालं की ते परत ळ होत नाही. माहिती गेलेली असते.

उघडताना याच्या उलट गंमत होते. फाइल ठीक असते, पण दोनदा टिचकी मारून उघडली की प्रत्येक टिंबाच्या एलच्या जागी तीन चिन्हं दिसतात: वर तिरकी रेघ असलेला ए, मग खालची लहान आकडी, मग ओळीच्या मधोमध एक टिंब. हे त्रिकूट दिसलं तर घाबरू नका आणि सेव्ह मुळीच करू नका. फाइल बंद करा, डेटा मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट-सीएसव्ही’ने आणा आणि लिपीसंकेत ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

वेबपानावर अक्षर देताना पान यूटीएफ-८ असेल तर थेट लिहा. जुन्या पानात ते तुटत असेल तर अँडचं चिन्ह, हॅश, ७७३५ आणि अर्धविराम.

## टप्पा ८: पीडीएफ, छापखाना, अपलोड

वर्डमधून ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ करा. मग ती पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडा, टिंबाचा एल असलेली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. अक्षर शाबूत आलं तर शोध घेणाऱ्यालाही तुमचा शब्द सापडेल. चौकट किंवा सुटं टिंब आलं तर फॉन्ट किंवा टप्पा ६, यांपैकी एक काहीतरी राहिलं आहे.

पुस्तक छापायचं असेल तर डीटीपीवाल्याला पहिला प्रश्न दराचा विचारू नका, सॉफ्टवेअरचा विचारा. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. आपल्याकडे त्यावर हात बसलेले अनुभवी लोक अजून आहेत, आणि मराठी मजकूर ते झपाट्याने लावतात, पण टिंबाचा एल तिथे हाताने जोडावा लागतो आणि दर प्रुफाला कुठला ना कुठला निसटतो. अशा कामाला इनडिझाइन मागा. सोबत तीन गोष्टी द्या: वर्डची फाइल, तिचीच पीडीएफ ज्यात टिंबाचे सगळे एल पिवळे केलेले आहेत, आणि पहिल्या टप्प्यातला तक्ता. पिवळे करणं अवघड नाही. रिप्लेसमध्ये तेच अक्षर वर-खाली दोन्हीकडे ठेवून खालच्याला हायलाइट द्या, सगळीकडे एकदम होतं. प्रुफ आलं की आधी ही पिवळी ठिकाणं जुळवा, बाकीचं वाचन नंतर.

प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जातो तेव्हा पीडीएफसोबत शीर्षक, सारांश आणि कळीचे शब्द वेगळे नोंदवले जातात, आणि ते बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी भरतं. तुमच्या शीर्षकात टिंबाचा एल असेल तर तो मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, यूटीएफ-८मध्ये सेव्ह करून ग्रंथालयाला द्या, म्हणजे पुन्हा टाइप करायची वेळच येणार नाही. कळीच्या शब्दांत प्रत्येक शब्द दोनदा घाला: एकदा टिंबासह, एकदा साध्या एलने. शोधणारा बहुधा साधा एलच टाइप करणार आहे.